गव्हाणीपुढची रांग

यंदा संपादकांनी अंकाचा विषय लवकर कळवला: ‘वाट पाहणं’. तेव्हा गळिताचा हंगाम ऐन भरात होता. वाट पाहण्यावर हळवं लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला वाट पाहण्याचा हिशेब मांडणाऱ्यांकडे जायचं होतं. दवाखान्याची ओपीडी असो, टोलनाका असो की बंदरात नांगर टाकून थांबलेली जहाजं, कुठली रांग कुठं तुंबेल हे आधी संगणकावर घडवून पाहण्याचं एक शास्त्र आहे. त्याला डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन म्हणतात. त्याची उत्तम साधनं आज ओपन सोर्स आहेत, म्हणजे फुकट मिळतात, उघडून वाचता येतात आणि हवी तशी बदलता येतात. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात शेती विभागातला एक तरुण इंजिनिअर या साधनांनी गाडीतळाचं मॉडेल करतोय असं कानावर आलं आणि मी तिकडं गेलो.

तळावर

दिवसा तोडलेला ऊस दिवस कलताना भरून निघतो, म्हणून तळ भरतो तो रात्री. मी पोचलो तेव्हा तीन रांगा लागल्या होत्या. बैलगाड्यांची वेगळी, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वेगळी, ट्रकची वेगळी. बैल सोडून गाडीच्या चाकाला बांधलेले, पुढ्यात वाढ्याची पेंढी. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉलीखाली पोती अंथरून ताणून दिलेली. मळीचा उग्र गोड वास सगळीकडे भरून राहिलेला.

गाडीचा प्रवास ठरलेला असतो. चिटबॉयने दिलेली स्लिप दाखवून तळावर यायचं, नंबर घ्यायचा. नंबर पुकारला की काट्यावर भरल्या गाडीचं वजन. तिथून गव्हाणीवर, जिथं क्रेन मोळ्या उचलून पट्ट्यावर सोडते. रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, पावती हातात आणि परत फडाची वाट. कागदावर हे काम तासाभराचंही नाही.

बीडकडच्या एका गाडीवानाजवळ बसलो. कोपीवर बायको आणि दोन पोरं, पहाटे पुन्हा दोघांना फडात उतरायचं.

“काका, नंबर कधी लागेल?”

“लागंल की पहाटंपतुर. मिल चालू राह्यली तर.”

त्यांना पैसे टनावर मिळतात. तळावर काढलेल्या तासांचा हिशेब त्यात कुठंच येत नाही.

उसालाही ही वाट सोसत नाही. तोडल्या क्षणापासून त्यातलं पाणी उडायला लागतं, वजन घटतं आणि ती घट काट्यावर शेतकऱ्याच्या अंगावर येते. आतली साखर फुटून तिच्यापासून स्फटिक न होणाऱ्या शर्करा बनू लागतात. कापलेल्या टोकांतून शिरलेले जिवाणू चिकट डेक्स्ट्रान तयार करतात, त्यानं रस गाळायला आणि साखर बसायला त्रास होतो. जळीत ऊस तर आणखी लवकर बिघडतो. उतारा घसरला की तो फटका कारखान्याला.

मग गाड्या इतक्या का साठवायच्या? कारण दुसऱ्या बाजूला ‘नो केन’ची भीती आहे. ऊस नाही म्हणून मिल थांबली की बॉयलरपासून पॅनपर्यंत सगळी साखळी विस्कटते आणि पुन्हा लयीत यायला वेळ लागतो. म्हणून शेती विभागाला तळावर गाड्या उभ्या दिसल्या की बरं वाटतं. तळ म्हणजे चाकांवरचं गोदाम आहे आणि त्या गोदामाचं भाडं गाडीवान भरतो, असं माझं स्पष्ट मत तिथं झालं. गोदाम किती मोठं असलं म्हणजे पुरे, हा प्रश्न अंदाजानं सोडवण्यासारखा नाही.

घड्याळ उड्या मारतं

इंजिनिअरनं मला लॅपटॉप दाखवण्याआधी वहीचं पान उघडलं. म्हणाला, दादा, आधी हातानं करून बघा.

काटा एकच आहे आणि एका गाडीला ४ मिनिटं लागतात असं धरा. पहिली गाडी ६ वाजता येते, दुसरी ६:०३ ला, तिसरी ६:०५ ला, चौथी ६:२० ला. ६ वाजता पहिली थेट काट्यावर चढते. लगेच यादीत पुढची घटना लिहायची: ६:०४, पहिली उतरणार. आता यादीतली सर्वांत जवळची घटना कुठली? ६:०३, दुसरी आली. काटा अडलेला, ती थांबली. मग ६:०४, पहिली उतरली, दुसरी चढली, तिची सुटका ६:०८ ला लिहून ठेवली. ६:०५ ला तिसरी आली, थांबली. ६:०८ ला ती चढली, ६:१२ ला उतरली. त्यानंतर ६:२० पर्यंत काहीच घडत नाही, म्हणून घड्याळ थेट ६:२० वर जातं. मधली आठ मिनिटं संगणक मोजत बसत नाही. दोन घटनांमधला काळ वगळायचा, ही या पद्धतीची मूळ युक्ती. त्यामुळेच अख्खा हंगाम काही क्षणांत घडवून पाहता येतो.

दुसरी गाडी १ मिनिट थांबली, तिसरी ३ मिनिटं, बाकीच्या दोन्हींना थांबावं लागलं नाही. चार गाड्यांची सरासरी १ मिनिट. आता स्लिपवरचं नाव जुळत नाही, प्रिंटर अडकतो, म्हणून काट्यावर ४ ऐवजी ६ मिनिटं लागतात असं धरा. गाड्या येण्याच्या वेळा त्याच. दुसरी ३ मिनिटं थांबते, तिसरी ७. सरासरी अडीच मिनिटं. काम दीडपट लांबलं, वाट पाहणं अडीचपट झालं.

रांगेचं हे वागणं माणसाच्या अंदाजाला चकवतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या मागणीवर निबंध लिहिला, तेव्हापासून त्याचं गणित मांडलं जातंय. एकच खिडकी, येणारे आपापल्या मर्जीनं येणारे आणि प्रत्येकाला लागणारा वेळही अनियमित, अशी सर्वांत साधी रांग घेतली तर खिडकी ८० टक्के वेळ कामात असताना सरासरी ४ जण आत असतात. ९० टक्क्यांवर ९ आणि ९५ टक्क्यांवर १९. गव्हाण क्षणभरही रिकामी राहू नये असा हट्ट धरला की तळ का फुगतो, ते या तीन आकड्यांत दिसतं.

पण सूत्र तिथंच थांबतं. खऱ्या तळावर गाड्या संध्याकाळी लोंढ्यानं येतात, मिल मध्येच चोकअप होते, क्रेनचा साखळदंड तुटतो, बैलगाड्यांना वेगळी गव्हाण असते. इतकं सगळं एका सूत्रात बसत नाही. तिथं सिम्युलेशन लागतं.

एक बैठक पुरेल एवढा गाभा

इंजिनिअरनं वापरलेलं साधन म्हणजे सिमपाय, पायथन भाषेतलं. २००२ मध्ये क्लाउस म्युलर आणि न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनचे टोनी व्हिनो यांनी ते सुरू केलं. पुढे ओन्त्ये ल्युन्सडॉर्फ आणि स्टेफान शेर्फके यांनी ते नव्यानं बांधलं आणि २०१३ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. आज ते एमआयटी परवान्याखाली आहे: वापरा, बदला, विका, मूळ लेखकांची नोंद तेवढी ठेवा.

त्याचा गाभा इतका छोटा आहे की पायथन येणाऱ्याचा एका बैठकीत वाचून होतो. आपण वहीत केली तशीच घटनांची यादी आत असते, वेळेनुसार लावलेली. यंत्र सर्वांत आधीची घटना काढतं, घड्याळ तिथवर नेतं, ती घटना घडवतं आणि पुन्हा यादीकडे वळतं. गाडीचं वर्णन मात्र गोष्टीसारखं लिहिता येतं: तळावर ये, काटा माग, मिळेपर्यंत थांब, वजनाला लागणारा वेळ जाऊ दे, काटा सोड, गव्हाण माग. प्रत्येक ‘थांब’पाशी पायथनचा यील्ड हा शब्द येतो. तिथं ही गाडी बाजूला ठेवून यंत्र दुसऱ्या गाडीकडे जातं आणि वेळ आली की हिला नेमक्या त्याच ओळीवर उठवतं. हजार गाड्या असल्या तरी वर्णन एकीचंच लिहायचं.

दोन घटना एकाच मिनिटाला आल्या तर आधी कुठली? सिमपाय आधी प्राधान्य बघतं, तेही सारखं असेल तर जी यादीत आधी नोंदली गेली ती. वरवर बारीक वाटणारी ही गोष्ट तळावर भांडणं लावू शकते. मला ती महत्त्वाची वाटली कारण ती वाचता आली. इंजिनिअरनं ती ओळ स्क्रीनवर दाखवली.

बेभरवशाचा भाग यदृच्छ आकड्यांनी आणतात. पायथन त्यासाठी मर्सेन ट्विस्टर वापरतं. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत. तिला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. तोच आकडा पुन्हा दिला की तोच हंगाम पुन्हा घडतो: त्याच वेळांना त्याच गाड्या, तोच बिघाड. त्यामुळे ‘दुसरा काटा बसवला तर’ आणि ‘तिसरी क्रेन आणली तर’ हे दोन पर्याय एकाच हंगामावर तोलता येतात. पण एका हंगामावर विसंबायचं नसतं. आकडा बदलून पुन्हा पुन्हा चालवायचं आणि उत्तर किती हलतं ते बघायचं. ज्या अहवालात एकच सरासरी असते आणि तिची हलण्याची कक्षा नसते, तो मी तरी बाजूला ठेवतो.

ऑस्लोतला धडा

या विद्येचा जन्म कारखान्यांतलाच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कीथ टॉचर यांनी इंग्लंडमधल्या युनायटेड स्टील कंपनीसाठी पोलाद कारखान्याचं कामकाज संगणकावर घडवणारा प्रोग्राम लिहिला. १९६१ मध्ये आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस आणलं. रँड संस्थेत सिमस्क्रिप्ट भाषा घडवणाऱ्यांत हॅरी मार्कोविट्झ होते, ज्यांना पुढे १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गुंतवणुकीच्या सिद्धान्तासाठी.

माझं लक्ष खिळलं ते ऑस्लोवर. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगॉर्ड या दोघांनी सिम्युलेशनसाठी सिम्युला ही भाषा रचली. गाडी, काटा, गव्हाण अशा प्रत्येक वस्तूला स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं देता यावं, म्हणून त्यांनी सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना आणल्या. आज जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर त्या कल्पनांवर उभं आहे, आणि त्यांचं मूळ रांगा घडवून पाहण्याच्या गरजेत आहे. दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि २००२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतरानं दोघेही गेले.

न्यूगॉर्ड यांची पुढची गोष्ट संगणकाच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदात आटोपतात. कामाची आखणी करण्यासाठी व्यवस्थापनं सिम्युलासारखी साधनं वापरणार आणि त्या आखणीत ज्यांचे दिवस जाणार त्या कामगारांना त्यातलं काही कळणार नाही, हे त्यांना अस्वस्थ करत होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नॉर्वेच्या लोह व धातू कामगार संघटनेबरोबर कामाला लागले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तकं लिहिली गेली, कारखान्यांत अभ्यासगट बसले. त्या चळवळीतून १९७५ मध्ये मालक आणि कामगारांच्या देशपातळीवरच्या संघटनांमध्ये संगणक यंत्रणांविषयी करार झाला. नव्या यंत्रणेची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत द्यायची आणि त्यांच्या बाजूनं ती तपासायला त्यांचे प्रतिनिधी नेमायचे, हे त्यात आलं.

सिम्युलेशनची साधनं उघडी असावीत असं मला वाटतं ते याच कारणानं. पैसे वाचतात हा मुद्दा खरा आहे, छोट्या कारखान्याला तो मोठाही आहे. पण मॉडेल हाही एक काटाच आहे. काटामारीच्या तक्रारी महाराष्ट्राला नव्या नाहीत; बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायची मुभा द्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. उसाचं वजन दुसऱ्या काट्यावर पडताळून बघायचा हक्क आपल्याला रास्त वाटतो. मग कुणी किती तास थांबायचं हे ठरवणारं मॉडेलही दुसऱ्या कुणाला उघडून तपासता आलं पाहिजे.

उघडी, अर्धी उघडी

बाजारात विकत मिळणारी साधनं वाईट नाहीत. चित्रं सुरेख, मदतीला माणूस. मात्र परवाना संपला की मॉडेल उघडत नाही आणि ते दुसऱ्याला तपासायचं तर त्यालाही परवाना लागतो. उघड्या साधनांत आता निवड भरपूर आहे. ज्याला कोड लिहायचा नाही त्याच्यासाठी जामसिम आहे. पडद्यावर ठोकळे ओढून जोडायचे, त्रिमितीत गाड्या फिरताना दिसतात. आर भाषेवाल्यांना सिमर आहे, कार्डिफ विद्यापीठातून आलेलं क्यू (Ciw) हे खास रांगांच्या जाळ्यांसाठी आहे, पायथनमध्येच सलाबीम चलच्चित्रासह येतं. संगणकाच्या जाळ्यांचा अभ्यास करणारे एनएस-३ वापरतात. ओम्नेट++ अर्धं उघडं म्हणावं लागेल: कोड वाचता येतो, शिक्षण-संशोधनाला मोफत, धंद्यासाठी वेगळा परवाना.

ही साधनं कुणाच्या हातात जातात ते बघायला इंग्लंडकडे पाहावं. एक्सेटर विद्यापीठाशी जोडलेला एचएसएमए हा उपक्रम सरकारी आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना पायथन आणि सिमपाय शिकवतो, तोही फुकट, आणि शिकवण्याचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं ठेवतो. तिथं मॉडेल करणारा माणूस बाहेरचा सल्लागार नसतो, त्याच दवाखान्याच्या माहिती विभागातला असतो. एक्सेटरमधलेच टॉम मंक्स आणि ॲलिसन हार्पर यांनी आरोग्यसेवेतल्या अशा सिम्युलेशनवरचे ५६४ लेख तपासले, तेव्हा अवघ्या ४७ लेखांनी आपलं मॉडेल इतरांना उपलब्ध केलं होतं. उघड्या साधनांनी काम करणाऱ्यांत ते प्रमाण जास्त होतं. तरीही हे वाचून मन खट्टू होतं. दवाखान्यात खाटा किती ठेवाव्यात यावर छापलेल्या बहुतेक उत्तरांचं गणित वाचकाला बघताच येत नाही.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प शिक्षणात खुली साधनं रुजवायचं काम करतो आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. आमचा इंजिनिअर पायथनचं पहिलं बोट त्या धड्यांना धरूनच शिकला.

नोंद कुठून सुरू होते

मॉडेलचं पहिलं रूप तयार झालं तेव्हा ते कारखान्याला फार आवडलं होतं. गाड्यांचा थांबण्याचा वेळ त्यात अगदी थोडा येत होता. इंजिनिअरला संशय आला, कारण तो रोज तळावरून चालत जायचा. त्यानं शोधलं तेव्हा कळलं की संगणकात वेळेची पहिली नोंद होते ती भरल्या वजनाच्या क्षणी, काट्यावर. त्याआधी गाडी तळावर चार तास उभी असो की दहा, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. जी वाट गाडीवान पाहतो तीच नेमकी माहितीत नव्हती.

मग त्यानं एका शिकाऊ मुलाला वही देऊन फाटकाशी बसवलं. गाडीचा क्रमांक आणि आल्याची वेळ, एवढंच. त्या वहीवरून मॉडेल पुन्हा बसवलं. आता रात्रीचा फुगवटा दिसायला लागला. दुसरा काटा बसवण्याचा जो प्रस्ताव संचालकांपुढे होता, त्याचंही खरं रूप दिसलं: गाड्या काट्यावरून लवकर सुटत होत्या आणि जाऊन गव्हाणीपुढं उभ्या राहत होत्या. रांग सरकली, आटली नाही.

दुसरा पर्याय होता स्लिपा वेळ ठरवून देण्याचा, म्हणजे ऊस चोवीस तासांत विखरून येईल. मॉडेलमध्ये हे झकास चाललं. मी विचारलं, पहाटे दोनला येणारा ऊस तोडायचा कधी? मॉडेलमध्ये ऊस तोडणारी टोळी म्हणजे हव्या त्या वेळी गाड्या सोडणारा एक नळ होता. अंधारात फडात उतरणं म्हणजे थंडी, बिबट्या, कोपीवर एकटी पोरं. त्यानं तिथंच नियम घातला: सूर्यास्त ते सूर्योदय तोडणी नाही. फायदा बराच खाली आला, पण नाहीसा झाला नाही. त्यानंतर त्यानं एक मोजमाप तोडून दोन केली. ऊस तोडून किती तास झाले हे एक, माणूस तळावर किती तास अडकला हे दुसरं. भरली गाडी कोपीजवळ उभी ठेवून नंबर मोबाइलवर कळवला तर पहिला आकडा तसाच राहतो आणि दुसरा उतरतो. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले असते तर हा पर्याय निरर्थक ठरून गळून पडला असता.

गव्हाण बंद व्हायच्या आधी त्यानं काही मुकादमांना गट ऑफिसात बोलावलं. कोड वाचून दाखवायचा नव्हता. गाडीची गोष्ट त्यानं मराठीत, ओळीला ओळ लिहून भिंतीवर लावली होती: येते, नंबर घेते, थांबते, काट्यावर जाते. लोक बराच वेळ बघत राहिले. मग एका म्हाताऱ्या मुकादमानं बोट ठेवलं ते ‘नंबर लागला’ आणि ‘काट्यावर गेली’ या दोन ओळींच्या मधे. “हितं बैल जुंपायला लागत्यात की. झोपल्याला माणूस उठणार, बैल सोडणार, जू चढवणार. तवर काटा काय करतुया?”

मॉडेलमध्ये तेवढा वेळ शून्य धरला होता. इंजिनिअर त्या रात्री तळावर घड्याळ घेऊन उभा राहिला, नंबर पुकारल्यापासून चाक हलेपर्यंतची मिनिटं टिपत. ‘जुंपणी’ या नावाची एक नवी घटना मॉडेलमध्ये आली. बैलगाड्यांच्या पाळीत काटा मधूनमधून रिकामा का पडतो, हे कारखान्याला कधीच उलगडलं नव्हतं. आता मॉडेलमधला तो रिकामा वेळ रजिस्टरशी जुळायला लागला. येत्या हंगामात बैलगाड्यांचा नंबर एक गाडी आधी पुकारायचा, असं ठरलं आहे. फाटकाशी आल्याची वेळही स्लिपवर छापली जाणार आहे.